मेजुगोर्ये: दर्शन झालं की नाही हे न सांगता दिलेला निकाल

१९ सप्टेंबर २०२४ रोजी वाटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने बोस्निया-हर्झेगोव्हिनातल्या मेजुगोर्ये या गावाबद्दल एक लांबलचक टिपण प्रसिद्ध केलं. १९८१ मध्ये इथल्या सहा मुलांनी मरियामाता दिसल्याचं सांगितलं होतं. त्रेचाळीस वर्षं धुमसत असलेल्या वादावर चर्च अखेर अधिकृतपणे बोललं. पण ज्याचं उत्तर जगभरचे लोक मागत होते, तोच प्रश्न टिपणाने बाजूला ठेवला: पवित्र मरियामातेने तिथे खरोखर दर्शन दिलं का? टिपण म्हणतं की इथली भक्ती चांगली आहे, तिला हरकत नाही, यात्रेला जा. दर्शनांबद्दल मात्र होय नाही आणि नाहीही नाही.

बऱ्याच जणांना ही पळवाट वाटली. मला ती तशी वाटत नाही, आणि का ते या प्रकरणाचा सगळा प्रवास पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. माझी एक तक्रार आहे, तीही ओघात येईलच.

गाव आणि त्याखालची जमीन

मेजुगोर्ये हर्झेगोव्हिनात आहे, मोस्तार शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर. खडकाळ डोंगर, तंबाखूची आणि द्राक्षांची शेती, वस्ती क्रोएट कॅथलिकांची. येशूच्या मरणाला १९०० वर्षं झाली म्हणून १९३३-३४ मध्ये गावकऱ्यांनी सामान स्वतः वाहून नेऊन क्रिझेवात्स डोंगराच्या माथ्यावर साडेआठ मीटर उंचीचा काँक्रीटचा क्रूस उभा केला. म्हणजे १९८१ च्या आधीपासूनच गाव भाविक होतं.

पण त्याच धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) हद्दीत शुर्मान्त्सी गावाजवळ एक खोल नैसर्गिक विवर आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये क्रोएट फॅसिस्ट उस्ताशांनी प्रेबिलोव्त्सी या सर्ब गावातल्या शेकडो बायका-मुलांना त्या विवरात ढकलून मारलं. मारणारे कॅथलिक होते, मरणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. फेब्रुवारी १९४५ मध्ये जवळच्या शिरोकी ब्रियेग इथल्या मठातल्या तीसेक फ्रान्सिस्कनांना, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातल्या संन्याशांना, टिटोच्या कम्युनिस्ट पार्टिझन सैनिकांनी ठार केलं. पुढे पार्टिझनांचंच राज्य आलं आणि या दुसऱ्या हत्याकांडाबद्दल जाहीर बोलण्याची सोयच उरली नाही. युगोस्लाव्हियाचा राज्यकर्ता टिटो मे १९८० मध्ये गेला. वर्षभराने याच मातीत काही मुलं सांगू लागली की माउली, म्हणजे मरियामाता, शांती मागते आहे. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, हा संदर्भ सोडून मेजुगोर्येचं एकही वाक्य वाचू नये असं मला वाटतं. वाद घालणारे बहुतेक जण नेमका तोच सोडतात.

पहिले दहा दिवस

२४ जून १९८१, बुधवार, संध्याकाळ. बियाकोविची वस्तीतल्या इवांका आणि मिर्याना या मुलींना, आणि थोड्या वेळाने त्यांच्यासोबतच्या आणखी चौघांना, पोदब्रदो टेकडीवर कडेवर बाळ घेतलेली एक स्त्री दिसली. ती हाताने जवळ बोलावत होती, पण मुलं घाबरून पळाली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गटातली दोघं आली नाहीत, त्यांच्या जागी वेगळी दोघं आली आणि पुढे कायम राहिलेला सहा जणांचा गट तयार झाला: इवांका, मिर्याना, वित्स्का, मारिया, इवान आणि सगळ्यात धाकटा, दहा वर्षांचा याकोव. बाकीची पंधरा-सोळा वर्षांची.

तिसऱ्या दिवसाचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. घरातल्या मोठ्या माणसांना शंका होती की हे सैतानाचं काम असेल. म्हणून वित्स्का पवित्र पाणी घेऊन टेकडीवर गेली आणि त्या आकृतीवर शिंपडत म्हणाली की तू खरी माउली असशील तर आमच्याजवळ राहा, नसशील तर निघून जा. आकृती हसली, असं मुलांनी सांगितलं. त्याच संध्याकाळी टेकडी उतरताना मारिया बाजूला खेचल्यासारखी वळली आणि रडत रडत सांगू लागली की तिने क्रूसापुढे उभ्या माउलीला ‘शांती, शांती’ म्हणताना ऐकलं.

आठवड्याच्या आत टेकडीवर हजारोंची गर्दी जमू लागली. पोलिसांनी मुलांना बोलावलं, डॉक्टरांकडे नेलं, मोस्तारला मनोविकारतज्ज्ञासमोर बसवलं. मुलं निरोगी निघाली. धर्मग्रामाचे प्रमुख फादर योझो झोव्को त्या आठवड्याच्या सुरुवातीला बाहेरगावी होते. परतल्यावर त्यांना हा सगळा प्रकार संशयास्पद वाटला आणि त्यांनी एकेका मुलाला समोर बसवून टेपरेकॉर्डरवर प्रश्न विचारले. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा म्हणजे या टेप. फ्रान्समधल्या लूर्दला दर्शन झाल्याचं सांगणाऱ्या बेर्नादेतचा त्या वेळचा आवाज आपल्याकडे नाही, पण या मुलांचा आहे. त्यात त्यांचं अडखळणं, एकमेकांशी न जुळणारे तपशील आणि फादरांची अधीरता, सगळं उतरलं आहे.

३० जूनच्या टेपवर एक अडचणीची गोष्ट आहे. त्या दिवशी दोन तरुणी मुलांना गाडीतून फिरायला घेऊन गेल्या, म्हणजे दर्शनाच्या वेळी ती टेकडीपासून लांब राहावीत. मुलांनी चेर्नो या ठिकाणी गाडी थांबवायला लावली आणि दर्शन तिथेच झाल्याचं सांगितलं. संध्याकाळी फादरांनी विचारलं की माउली आणखी किती दिवस येणार. उत्तर आलं: आणखी तीन दिवस, शुक्रवारपर्यंत. तो शुक्रवार म्हणजे ३ जुलै १९८१.

शुक्रवार आला आणि गेला, पण दर्शनं थांबली नाहीत. तिघांची रोजची दर्शनं पुढे वेगवेगळ्या वर्षी बंद झाली. इवान, वित्स्का आणि मारिया यांनी मात्र रोज दर्शन होत असल्याचं सांगणं पुढची चाळीसहून अधिक वर्षं चालू ठेवलं. लूर्दला १८५८ मध्ये अठरा दर्शनं झाली, पोर्तुगालमधल्या फातिमाला १९१७ मध्ये महिन्याला एक याप्रमाणे सहा. इथे आकडा हजारोंमध्ये जातो.

झोव्कोंचं मन लवकरच पालटलं. आपल्याला मुलांचं रक्षण करायला सांगणारा आवाज ऐकू आला असं ते सांगत, आणि पोलिसांपासून त्यांनी मुलांना चर्चमध्ये आसरा दिला. ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली, साडेतीन वर्षांची शिक्षा झाली आणि १९८३ मध्ये सुटका झाली. कम्युनिस्ट सरकारच्या दडपशाहीमुळे अनेकांच्या मनात एक समज घट्ट बसली: सरकार ज्यांना छळतं ते खरेच असणार. श्रद्धेच्या दृष्टीने ही समज साहजिक आहे. पुरावा म्हणून तिचा काही उपयोग नाही.

बिशप आणि फ्रान्सिस्कन

मोस्तारचे बिशप पावाओ झानिच पहिल्या उन्हाळ्यात मुलांच्या बाजूने होते. मुलांना कुणी पढवलेलं नाही, ती खोटं बोलत नाहीत, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. सहा महिन्यांत ते या दर्शनांचे सगळ्यात कडवे विरोधक झाले. मधल्या काळात जे घडलं त्याची मुळं फार मागे जातात.

तुर्की अंमलाच्या चारशे वर्षांत या भागातले कॅथलिक टिकले ते फ्रान्सिस्कनांमुळे. गावोगावी मिस्सा करणारे, बाप्तिस्मा देणारे, लोकांबरोबर मार खाणारे तेच होते. ऑस्ट्रिया-हंगेरीचं राज्य आल्यावर १८८१ मध्ये रीतसर बिशप नेमले गेले आणि धर्मग्रामं टप्प्याटप्प्याने धर्मप्रांताच्या, म्हणजे थेट बिशपांच्या हाताखालच्या, धर्मगुरूंकडे सोपवावीत असं ठरलं. लोकांना ते मान्य नव्हतं, फ्रान्सिस्कनांना त्याहून नाही. १९७५ मध्ये रोमने धर्मग्रामांची वाटणी हुकूम काढून ठरवून दिली, तरी भांडण मिटलं नाही. १९८१ मध्ये मोस्तार शहरातले दोन तरुण फ्रान्सिस्कन बिशपांचा आदेश झुगारून तिथेच राहिले होते आणि त्यांच्यावर कारवाई सुरू होती.

त्या हिवाळ्यात वित्स्काने माउलीचा निरोप सांगितला: त्या दोघांचा दोष नाही, चूक बिशपांची आहे.

झानिच यांच्यासाठी विषय तिथेच संपला. देवाची माता बिशपविरुद्ध अवज्ञा शिकवणार नाही, म्हणून जे बोलतं आहे ती देवाची माता नाही, हा त्यांचा युक्तिवाद. समर्थकांचं म्हणणं असं की बिशपांनी आपल्या भांडणाचा राग सहा मुलांवर काढला. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात आणि दोन्ही अपुऱ्या. बिशपांची आधीपासूनची भूमिका त्यांच्या निर्णयात उतरली असणार, यात शंका नाही. पण म्हणून त्यांचा प्रश्न खोटा ठरत नाही. एका स्थानिक तंट्यात एका पक्षाच्या सोयीचा निरोप स्वर्गातून येतो, तेव्हा तो निरोप कुणाच्या मनातून आला असेल हे विचारणं बिशपाचं कामच आहे. त्यात काही काळ मुलांच्या आसपास राहून आपण त्यांचे मार्गदर्शक आहोत असं सांगणारे फादर तोमिस्लाव व्लाशिच यांना रोमने २००९ मध्ये धर्मगुरुपदावरून दूर केलं आणि २०२० मध्ये चर्चबाहेर काढलं. त्यांच्या वागण्याचा दोष मुलांवर टाकता येत नाही, पण सुरुवातीच्या वर्षांत मुलांच्या कानाशी कोण होतं हा प्रश्न राहतोच.

यंत्रांनी काय मोजलं

१९८४ मध्ये फ्रान्सच्या माँपेलिए इथले डॉक्टर आँरी जोया यांच्या पथकाने दर्शनाच्या वेळी मुलांच्या मेंदूच्या, हृदयाच्या आणि डोळ्यांच्या नोंदी घेतल्या. मुलं झोपेत नव्हती, फीट आलेली नव्हती, मनोरुग्ण नव्हती, आणि त्यांच्या नजरा जवळजवळ एकाच क्षणी एका जागी खिळत होत्या. यावरून फसवणुकीचा आरोप टिकत नाही, असं पथकाने म्हटलं. समर्थकांच्या पुस्तिकांत हे निष्कर्ष आजही सापडतात.

जानेवारी १९८५ मधली एक छोटी चित्रफीत मात्र त्या पुस्तिकांत सापडत नाही. दर्शन चालू असताना एका फ्रेंच पाहुण्याने अचानक वित्स्काच्या डोळ्यांसमोर बोटं नेली. तिचं डोकं मागे गेलं. नंतर तिने कारण सांगितलं की माउलीच्या हातून बाळ निसटेल असं वाटलं म्हणून आपण दचकलो. विरोधकांना एवढं पुरलं.

मला वाटतं, दोन्ही बाजूंनी या मोजमापांवर नको तेवढा भार टाकला. इलेक्ट्रोड मेंदूची अवस्था सांगतो, समोर कोण उभं आहे ते सांगत नाही. माणूस पूर्ण प्रामाणिकपणे, निरोगी मेंदूने असं काही अनुभवू शकतो जे शेजारच्याला दिसत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आणि दचकलेली मुलगी खोटारडी असते हेही सिद्ध होत नाही. आपल्याकडे २०१२ मध्ये मुंबईत इर्ल्याच्या वेलंकणी चर्चजवळच्या क्रूसातून पाणी ठिबकू लागलं, तेव्हा सनल एदमारुकू यांनी तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून चढत असल्याचं दाखवलं. त्यावरून त्यांच्यावर गुन्हे नोंदवले गेले आणि त्यांना देश सोडावा लागला, ही लाजिरवाणी गोष्ट झाली. पण तिथे निदान हात लावून तपासण्यासारखं काही होतं. मेजुगोर्येत तपासायला आहेत ती फक्त माणसं आणि त्यांचे शब्द.

एकाच वर्षी दोन उलट उत्तरं

झानिच यांच्या आयोगाने १९८६ मध्ये बहुमताने प्रतिकूल मत दिलं. वाटिकनने प्रकरण बिशपांकडून काढून युगोस्लाव्हियाच्या बिशप मंडळाकडे दिलं. मंडळाने १० एप्रिल १९९१ रोजी झादार शहरात जाहीर केलं की आतापर्यंतच्या तपासावरून ही दर्शनं अलौकिक आहेत असं म्हणता येत नाही. पुढच्या वर्षी बोस्नियात युद्ध पेटलं आणि चौकशी तिथेच राहिली.

यात्रेकरूंचा ओघ मात्र वाढत गेला, आणि २०१० मध्ये वाटिकनने कार्डिनल कामिल्लो रुइनी यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. त्याचं काम जानेवारी २०१४ मध्ये संपलं. २०१७ मध्ये त्यातली मतं बाहेर आली. आयोगाने प्रकरणाचे दोन तुकडे केले होते. २४ जून ते ३ जुलै १९८१ या काळातली पहिली सात दर्शनं अलौकिक मानण्याच्या बाजूने १३ मतं पडली, विरुद्ध एक, आणि एकाने मत राखून ठेवलं. त्यानंतरच्या दशकांबद्दल, द्रष्ट्यांचं, म्हणजे दर्शन झाल्याचं सांगणाऱ्या त्या सहा जणांचं, वागणं जमेस धरल्यावर, बहुतेकांनी मत देता येत नाही असं म्हटलं आणि दोघांनी विरोधी मत दिलं.

शेवटची तारीख पुन्हा पाहा: ३ जुलै. मुलांनी टेपवर ‘शुक्रवारपर्यंत’ म्हटलं होतं तोच दिवस.

त्याच वर्षी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, झानिच यांचे उत्तराधिकारी बिशप रात्को पेरिच यांनी त्याच पहिल्या दिवसांचा, त्याच टेपांचा आधार घेऊन जाहीर केलं की मेजुगोर्येत माउलीने दर्शन दिलेलंच नाही. आकृतीचं विचित्र हसणं, थरथरणारे हात, प्रश्नांना उत्तर न देणं आणि ते ‘तीन दिवस’, हे सगळं त्यांनी समोर मांडलं. एकाच पुराव्यावरून रोममधल्या आयोगाला पहिले दिवस सगळ्यात विश्वासार्ह वाटले, आणि ज्याच्या धर्मप्रांतात हे घडलं त्या बिशपाला तेच सगळ्यात संशयास्पद. या प्रकरणाचं मर्म मला इथे दिसतं. इतका जवळचा, ध्वनिमुद्रित पुरावा हाती असूनही चर्चमधली दोन अभ्यासू, श्रद्धाळू माणसं उलट टोकांना पोचली. मग पुरावा आणखी चाळत राहिल्याने निकाल लागेल ही आशा धरण्यात अर्थ उरत नाही.

मे महिन्यात फातिमाहून परतताना विमानात पोप फ्रान्सिस यांनी पत्रकारांना आपलं मत सांगितलं. पहिल्या दर्शनांचा अभ्यास पुढे चालू राहावा, पण रोज ठरलेल्या वेळी संदेश धाडणारी तार कार्यालयाची प्रमुख असावी तशी मरिया आपल्याला पटत नाही, ती येशूची माता नव्हे, असं ते म्हणाले. आणि त्याच बोलण्यात पुढे जोडलं की तिथे जाऊन लोकांचं परिवर्तन होतं, ही गोष्ट नाकारता येत नाही.

फळं वेगळी, मूळ वेगळं

या फळांना कमी लेखणं मला शक्य नाही. पापनिवेदनासाठी तासन्‌तास लागलेल्या रांगा ही तिथली रोजची गोष्ट आहे. व्यसनाधीन तरुणांना सावरणाऱ्या चेनाकोलो समुदायाचं एक घर तिथे आहे. मेजुगोर्येच्या यात्रेने बदललेल्या एका स्कॉटिश कुटुंबाने युद्धकाळात बोस्नियाला मदत नेली, त्यातून ‘मेरीज मील्स’ ही संस्था उभी राहिली. आज ती शाळेच्या प्रत्येक दिवशी २० लाखांहून अधिक मुलांना जेवण देते. झाड फळावरून ओळखावं असं प्रभू येशूने सांगितलं आहे आणि समर्थक तेच वचन पुढे करतात. पण त्या वचनाचा इथला वापर मला घाईचा वाटतो. माणूस जपमाळेने, मिस्सेने, पापनिवेदनाने बदलला तर ते फळ त्या संस्कारांचं आहे. सहा जणांना काय दिसलं याचा दाखला त्यातून मिळत नाही.

रोमने अखेर हेच वेगळेपण मान्य केलं. मे २०१९ मध्ये धर्मग्रामांना आणि धर्मप्रांतांना अधिकृत यात्रा काढायची परवानगी मिळाली. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या बिशपांना कळवलं गेलं होतं की दर्शनं खरी धरून चालणाऱ्या सभांना कॅथलिकांनी जाऊ नये. मग १७ मे २०२४ रोजी दर्शनांबद्दलचे नवे नियम आले. १९७८ च्या जुन्या पद्धतीत बिशपाला अलौकिकतेवर बोट ठेवावं लागे. नव्या पद्धतीत सहा प्रकारचे निर्णय आहेत, आणि सगळ्यात अनुकूल निर्णयाचा अर्थही फक्त ‘हरकत नाही’ एवढाच आहे. चार महिन्यांनी मेजुगोर्येला तोच मिळाला.

टिपणात ‘कथित संदेश’ हा शब्दप्रयोग आहे. शांती, पश्चात्ताप, प्रार्थना यांबद्दलच्या संदेशांचं भरभरून कौतुक आहे. पण जिथे ‘माझे संदेश पाळा’, ‘माझी योजना’ अशी भाषा येते, जिथे मरिया ख्रिस्ताच्या जागी उभी राहते की काय असं वाटतं, तिथे स्पष्ट सावधगिरीचा इशारा आहे. आणि एक वाक्य फार महत्त्वाचं: यात्रा द्रष्ट्यांना भेटायला करायची नाही. यापुढचे संदेशही वाटिकनच्या प्रतिनिधीने तपासल्याशिवाय प्रसिद्ध करायचे नाहीत.

आता माझी तक्रार. हा निर्णय शहाणपणाचा आहे, पण त्यामागचा अभ्यास रोमने स्वतः लोकांसमोर ठेवायला हवा होता. रुइनी आयोगाची मतं आपल्याला कळली ती पत्रकारांकडून. पेरिच यांनी उभे केलेले प्रश्न टिपणात एकेक घेऊन सोडवलेले नाहीत. ज्या बिशपांनी तीस-पस्तीस वर्षं शिव्याशाप सोसून शंका मांडल्या, त्यांना उत्तर मिळालं नाही. ज्या भाविकांनी तितकीच वर्षं संशय सोसून गुडघे टेकले, त्यांनाही नाही. मुलांच्या टेपा आणि आयोगाचा संपूर्ण अहवाल चर्चने अधिकृतपणे खुला करावा. श्रद्धेला त्याने धोका नाही. खाजगी साक्षात्कार हा श्रद्धेच्या ठेव्याचा भाग नाही, असं चर्च स्वतःच शिकवतं.

मुंबई, वसई, गोव्यातून लूर्द-फातिमाच्या सहलीला मेजुगोर्ये जोडून जाणाऱ्यांसाठी यातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. जायला हरकत नाही, आणि धर्मगुरूंनी गट घेऊन जायलाही नाही. दर्शनांवर विश्वास ठेवणं बंधनकारक नाही, आणि न ठेवणारा कमी कॅथलिक ठरत नाही. सहल आयोजकाने कार्यक्रमात द्रष्ट्यांच्या भेटीची खास वेळ छापली असेल, तर ती वगळून मागावी आणि तो वेळ शुर्मान्त्सीच्या विवराकडे जायला द्यावा. मेजुगोर्येतून ते फार लांब नाही.